मिडसाइझ जेटचे माहितीपत्रकातले आकडे नागपूरच्या मे महिन्यात किती टिकतात?

बुटीबोरी_दप्तर

नागपूर घरचं विमानतळ धरून तीन विमानांची तुलना चालू आहे. काम ठरलेलं आहे. आठवड्याला दोन-तीनदा मुंबई किंवा दिल्ली, महिन्यातून एकदा दुबई, वर्षातून तीन-चारदा सिंगापूर. माणसं बहुतेक वेळा सात, सामानासकट. मुंबईहून परतताना कधीकधी थेट अमरावतीला बेलोऱ्यावर उतरायचं आहे.

विमानं अशी: वापरलेलं हॉकर ८००एक्सपी (पल्ला सुमारे २,५०० नॉटिकल मैल, टाकी १०,००० पौंड), सेस्ना सायटेशन लॅटिट्यूड (२,७०० नॉटिकल मैल, टेक-ऑफला ३,५८० फूट, नऊ आसनं) आणि एम्ब्रेअर प्रेटर ५०० (३,३४० नॉटिकल मैल, टेक-ऑफला ४,२२२ फूट). कागदावर तिन्ही दुबईला सहज पोचतात. सिंगापूरही जमेल असं दिसतं.

पण हे आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश नेहमीचं. तेव्हा नेमकं काय कमी होतं? धावपट्टी कमी पडते, की माणसं, की इंधन? आणि विमान वर्षभर सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावरच, उभं राहणार असेल तर देखभालीत कशाची तरतूद आधीच करावी?

---

सेकंड_सेगमेंट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: धावपट्टी नाही. नागपूरची १४/३२ धावपट्टी ३,२०० मीटर आहे, म्हणजे साडेदहा हजार फूट. ती यातल्या एकाही विमानाला कमी पडत नाही. नडतो तो एका इंजिनावरचा चढ.

आधी हवा बघा. विमानतळाची उंची सुमारे १,०३० फूट. त्या उंचीला प्रमाण वातावरणाचं (आयएसए) तापमान १३ अंशांच्या आसपास येतं. दुपारी ४५ अंश म्हणजे आयएसए अधिक ३२. मे महिन्यात दाबही खाली असतो. क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबातला हवेचा दाब) १,००२ धरला तर दाबउंची, म्हणजे दाबावरून निघणारी उंची, १,३५० फुटांच्या जवळ जाते. प्रत्येक जादा अंशाला १२० फूट या ढोबळ नियमाने घनताउंची (हवेच्या विरळपणाशी जुळणारी उंची) सुमारे ५,२०० ते ५,३०० फूट. म्हणजे पंख आणि इंजिन यांच्या लेखी तुम्ही सोनेगावात नसून पाच हजार फुटांवरच्या एखाद्या पठारावर आहात.

इंजिनाचा जोर एका ठरावीक तापमानापर्यंतच पूर्ण मिळतो. त्यापुढे टर्बाइनचं तापमान मर्यादेला टेकतं आणि नियंत्रक इंधन कमी करतो. हॉकरचं टीएफई७३१-५बीआर इंजिन ४,६६० पौंड जोराचं, लॅटिट्यूडचं पीडब्ल्यू३०६डी१ ५,९०७ पौंडांचं, प्रेटरचं एचटीएफ७५००ई ६,५४० पौंडांचं. हे सगळे आकडे थंड दिवसाचे. नियम असा की टेक-ऑफच्या वेळी एक इंजिन बंद पडलं, तरी चाकं आत घेतल्यावर उरलेल्या एका इंजिनावर दोन इंजिनी विमानाने किमान २.४ टक्के चढ द्यायलाच हवा. उष्णतेत तो चढ मिळेनासा झाला की एकच उपाय उरतो: वजन उतरवा. फ्लाइट मॅन्युअलमध्ये वजन-उंची-तापमानाचा जो तक्ता असतो, तो हाच.

इथे लांब धावपट्टीचा खरा उपयोग होतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) कमी ठेवले की धाव लांबते, पण खेच कमी झाल्यामुळे चढ सुधारतो. हॉकरमध्ये टेक-ऑफसाठी फ्लॅप ० आणि १५ असे दोन पर्याय आहेत. नागपूरला मे महिन्यात शून्य फ्लॅपचा तक्ता उघडायचा, कारण खर्च करायला धावपट्टी भरपूर आहे. मात्र व्ही१, म्हणजे टेक-ऑफ सोडून द्यायचं ठरवण्याचा शेवटचा वेग, वाढतो. त्या वेगाला टेक-ऑफ सोडून द्यायची वेळ आली तर ब्रेकना खूप जास्त ऊर्जा पचवावी लागते. म्हणून त्याच वेळी ब्रेक ऊर्जेचा आणि टायरच्या वेगमर्यादेचा तक्ताही बघावाच लागतो. नुसता चढाचा तक्ता बघून वजन ठरवणं अर्धवट आहे.

दोन गोष्टी लोक विसरतात. बऱ्याच विमानांना टेक-ऑफसाठी कमाल बाह्य तापमानाची रेषा असते, साधारण आयएसए अधिक ३५ च्या आसपास. नागपूरसाठी ती ४८ अंशांजवळ येते. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, म्हणजे ती रेषा फार लांब नाही. दुसरं म्हणजे हिशेबाला एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेलं तापमान घ्या, कॉकपिटमधल्या काट्याचं नाही. तापलेल्या एप्रनवर उभ्या विमानाचा सेन्सर काही अंश जास्तच दाखवतो.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: सकाळी आठच्या आत निघा. ३० अंशांना तेच विमान आयएसए अधिक १७ वर असतं. बहुतेक दिवशी वजन उतरवण्याचा प्रश्नच उरत नाही.

---

इंधनपत्रक

पत्रकातला पल्ला कसा काढतात ते आधी लक्षात घ्या. चार प्रवासी, सर्वांत काटकसरीचा वेग, वारा शून्य, प्रमाण तापमान, शेवटी २०० नॉटिकल मैलांवरच्या पर्यायी विमानतळाचं इंधन शिल्लक. तुमची माणसं सात आहेत. तिथून सुरुवात करा.

लॅटिट्यूडची वजनं घ्या. कर्मचाऱ्यांसकट रिकामं विमान १८,६५६ पौंड, रॅम्पवरचं (निघण्याआधी उभ्या विमानाचं) कमाल वजन ३१,०५०, पूर्ण टाकी ११,३९४. तिन्ही मांडल्यावर पूर्ण टाकीला पेलोड (माणसं आणि सामान) उरतो १,००० पौंड, म्हणजे ४५४ किलो. सामानासह माणशी १०० किलो धरले तर साडेचार माणसं! नऊ आसनं खरी, २,७०० नॉटिकल मैलही खरे, पण दोन्ही एकाच उड्डाणात नाहीत. सात माणसांना १,५४३ पौंड गेले की इंधनाला सुमारे १०,८५० पौंड उरतात.

आता दुबई. सरळ रेषेत सुमारे १,३२५ नॉटिकल मैल, हवाई मार्गाने १,४०० धरा. उन्ह आणि वारा एका महिन्यात येत नाहीत, ही नागपूरची मोठी सोय आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह आपल्या अक्षांशांवर उतरतो. ८० नॉट समोरून आले तर ४३० नॉटचं विमान जमिनीवरून ३५० ने सरकतं आणि चार तास लागतात. मे महिन्यात तो प्रवाह उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा साडेतीन तास पुरतात.

हॉकरसाठी आखणीचे ढोबळ आकडे असे: पहिल्या तासाला २,१०० पौंड, दुसऱ्याला १,७००, पुढे ताशी १,५००. हिवाळ्यात ६,८०० जळतात, मे महिन्यात ६,०५०. पर्यायी विमानतळ आणि अर्ध्या तासाच्या घिरट्या यांसाठी २,००० वेगळे ठेवा. रिकामं हॉकर १६,३०० पौंड आणि सात माणसं धरली तर टेक-ऑफचं वजन हिवाळ्यात सुमारे २६,६५० आणि मे महिन्यात २५,९०० पौंड येतं. कमाल मर्यादा २८,०००. म्हणजे ज्या महिन्यात चढ कमी मिळतो, त्याच महिन्यात वजनही कमी लागतं. सेकंड_सेगमेंट यांनी सांगितलेल्या तक्त्यात ४५ अंशांच्या ओळीत २५,९०० बसतात का, एवढंच बघायचं राहतं.

सिंगापूर मात्र वेगळं प्रकरण आहे. सरळ १,८८० नॉटिकल मैल, मार्गाने २,००० च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण भारतावर फार उंचावर पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह असतो. तो ४५,००० फुटांच्या वर सर्वांत जोरकस, पण ४१,००० फुटांवरही चांगला जाणवतो. जाताना तो समोरून येतो. ४० नॉट धरले तर पाच तासांहून थोडा जास्त वेळ. हॉकरला राखीव धरून सुमारे १०,५०० पौंड हवेत आणि टाकी १०,००० ची आहे. म्हणजे चेन्नईला थांबा घ्यावा लागणार. लॅटिट्यूडला साधारण १०,५५० लागतात आणि उपलब्ध १०,८५०. बसतं, पण सिंगापूरला वादळ असेल तर हातात काही उरत नाही. प्रेटरला हा प्रश्नच नाही. आणखी एक: पावसाळ्यात पूर्वेला जाताना मुद्दाम वरची पातळी मागू नका. वर गेलात की इंधन वाचतं आणि वाऱ्यात जातं.

टाकीबद्दलही एक बारकावा. जेट ए-१ गरम झालं की फुगतं. प्रमाण तापमानापेक्षा ते २५ ते ३० अंशांनी गरम असेल तर तीच टाकी गळ्यापर्यंत भरूनही दोन ते अडीच टक्के कमी वजन घेते. हॉकरमध्ये दोनशे पौंडांहून जास्त, म्हणजे आठ-नऊ मिनिटांचं उड्डाण. एरवी किरकोळ, सिंगापूरच्या दिवशी नाही.

आणि "नागपूरला स्वस्त मिळालं म्हणून भरून घ्या, मुंबईत माणसं उचलून पुढे दुबईला जा" असं कोणी सुचवलं तर आधी उतरण्याचं कमाल वजन बघा. हॉकरचं २३,३५० पौंड आहे. मुंबईपर्यंत २,३०० जळतात. म्हणजे नागपूरहून २५,६५० च्या वर उठताच येत नाही. सात माणसं असतील तर इंधन सुमारे ७,८०० पौंडांपर्यंतच.

---

बुटीबोरी_दप्तर

फार उपयोगी. सिंगापूर हाच खरा फरक पाडणारा मार्ग आहे हे आता दिसलं. बेलोरा आणि देखभाल यांबद्दलही सांगा. हॉकरची केबिन ५ फूट ९ इंच उंच आहे आणि लॅटिट्यूडची ६ फूट, सपाट जमिनीची. तो फरक चार तासांत किती जाणवतो?

---

सेकंड_सेगमेंट

बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर आहे. लॅटिट्यूडचं उतरण्याचं अंतर पत्रकात २,४८० फूट, म्हणजे ७५६ मीटर. भाड्याच्या उड्डाणांना उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबून दाखवावं लागतं. म्हणून १,२६० मीटर हवेत. ओल्या धावपट्टीला त्यावर १५ टक्के, म्हणजे १,४५०. बसतं. विमान खाजगी वापराचं असलं तरी हाच गुणाकार करा, कारण पत्रकातलं अंतर चाचणी वैमानिकाने कोरड्या धावपट्टीवर पूर्ण ब्रेक दाबून मिळवलेलं असतं.

कठीण बाजू निघण्याची आहे. नागपूरला धावपट्टी देऊन चढ विकत घेता येतो, बेलोऱ्याला ती मुभा नाही. तिथे जास्त फ्लॅप लावून लवकर उठायचं म्हणजे चढ कमी, म्हणजे वजन आणखी कमी. मे महिन्याच्या दुपारी बेलोऱ्याहून मुंबईपुरतंच इंधन घेऊन निघा. लांबचा पल्ला तिथून आखू नका.

केबिनच्या उंचीपेक्षा केबिनच्या आतला दाब जास्त जाणवतो. लॅटिट्यूड ४५,००० फुटांवर असताना आत ५,९५० फुटांइतकी हवा असते. हॉकर ४१,००० वर असताना आत साधारण ७,५०० फूट. चार तासांनी उतरल्यावर बैठकीला बसणाऱ्या माणसाच्या डोक्याला हा फरक कळतो.

---

सोनेगाव_हँगर

देखभालीचं मी सांगतो.

सर्वांत आधी हँगर. विमान घेण्याआधी जागेचा लेखी करार करा. एप्रिल-मे मध्ये वळवाच्या पावसाबरोबर इथे गारा पडतात आणि वावटळी येतात. उघड्यावरच्या विमानाला गस्ट लॉक (वाऱ्याने हलणारे भाग अडकवणारं कुलूप), इंजिनाची व पिटॉटची (वेग मोजणाऱ्या नळीची) झाकणं आणि चाकांना दोन्ही बाजूंनी चोक रोजच्या रोज लागतात. झाकण एक रात्र लावायचं राहिलं तरी कुंभारमाशी पिटॉट नळीत चिखलाचं घर करते. पुढच्या टेक-ऑफला एका बाजूचा वेग चुकीचा दिसतो. बाहेरून नुसतं बघून हे कळत नाही, टॉर्च लावून नळीत उजेड टाकावा लागतो.

उन्हात उभ्या केबिनमध्ये एपीयू (विमानातलं छोटं सहायक इंजिन) निदान ३० ते ४० मिनिटं आधी चालवा, खिडक्यांचे पडदे ओढून. कॉकपिटचे स्क्रीन केबिन थोडी निवल्यावरच चालू करा. तापलेला स्क्रीन चालू केला की लगेच इशारे यायला लागतात आणि मग वैमानिक आणि इंजिनिअर दोघेही नसलेला बिघाड शोधत बसतात. हॉकरमध्ये टेक-ऑफला मेन एअर व्हॉल्व्ह (इंजिनातून केबिनला हवा देणारे) बंद असतात, त्यामुळे तेवढा वेळ केबिनला थंड हवा नसते. प्रवाशांना आधीच सांगून ठेवा.

बॅटरी हा उन्हाळ्याचा खरा शत्रू. मॅन्युअलमधल्या किमान व्होल्टेजच्या खाली असलेल्या बॅटरीवर इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर हळू फिरतो, हवा कमी मिळते आणि टर्बाइनचं तापमान सरळ वर चढतं. एक हॉट स्टार्ट म्हणजे इंजिन उघडून तपासणी. म्हणून उन्हाळ्यात २८ व्होल्टच्या जीपीयू (बाहेरून वीज देणाऱ्या) गाडीवरच सुरू करायची सवय ठेवा. निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर तापमानाच्या दिव्याकडे लक्ष हवंच.

मुंबईला जाऊन लगेच परत, पुन्हा लगेच दिल्ली, अशी घाईची फेरी मे महिन्यात करू नका. ब्रेक निवायला वेळ लागतो. तापलेल्या चाकांतले फ्यूज प्लग वितळले की टायरमधली हवा जाते आणि विमान टॅक्सीवेवर बसतं. फ्यूज प्लगचं ते कामच आहे, टायर फुटण्यापेक्षा हवा गेलेली बरी. पण दिवस वाया जातो.

पावसाळ्यात टाकीतलं पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री घाम सोडते, पाणी तळाला जमतं आणि पाणी व इंधन यांच्या सीमेवर बुरशी वाढते. मग फिल्टर तुंबतात, इंधनमापक खोटं बोलतो, टाकीचा आतला लेप सुटतो. रोज सकाळी, इंधन हलण्याआधी, प्रत्येक निचरा झडपेतून नमुना काढा. विमान आठवडाभर उभं राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि बुरशीनाशक उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच घाला, अंदाजाने नाही.

मुंबईच्या खाऱ्या हवेचंही असंच. विमान नागपूरचं असलं तरी आठवड्यात दोन रात्री मुंबईत काढत असेल तर कॉम्प्रेसर धुण्याचं वेळापत्रक समुद्रकाठच्या विमानाचं धरा.

हॉकरबद्दल खास: त्याच्या पंखांच्या पुढच्या कडांना बर्फ रोखण्यासाठी बारीक छिद्रांतून टीकेएस द्रव पाझरतो. नागपुरात बर्फ कुठला म्हणून तो महिनोन्महिने चालवला नाही तर छिद्रं सुकून बंद होतात. पावसाळ्यात २०,००० फुटांच्या वरच्या ढगात बर्फ नक्की मिळतो. महिन्यातून एकदा तरी चालवून सगळ्या कडेला सारखा ओलावा येतो का बघा.

इंजिनांची मोठी कामं आधीच किमतीत धरा. टीएफई७३१-५बीआरची मोठी तपासणी २,१०० तासांना आणि गाभ्याची ४,२०० तासांना. विमान स्वस्त दिसतं तेव्हा बहुतेकदा यातलं एक दाराशी आलेलं असतं. तासामागे पैसे भरायची उत्पादकाची योजना चालू आहे का, तिची बाकी खरेदीदाराच्या नावे होते का, हे लेखी घ्या. आणि भाऊ, मिहानमध्ये (विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पात) मोठा एमआरओ, म्हणजे विमानदुरुस्ती केंद्र, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो मोठ्या प्रवासी विमानांसाठी आहे. तुमच्या नेमक्या मॉडेलची सीएआर-१४५ (विमानदेखभालीची सरकारी) मान्यता कुठल्या कार्यशाळेकडे आहे ते बघा, नाहीतर प्रत्येक मोठ्या तपासणीला विमान रिकामं दुसऱ्या शहरात न्यावं लागेल.

---

उत्तर_नागपूर_३२

थोडं वेगळं. मिहानमध्येच दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन २००० चे भाग बनतात आणि जून २०२५ मध्ये पॅरिस एअर शोला फाल्कन २०००एलएक्सएस इथेच पूर्ण जोडण्याची घोषणा झाली. पहिलं विमान २०२८ पर्यंत. पल्ला ४,००० नॉटिकल मैल, कमाल वजन ४२,८०० पौंड. ते मिडसाइझच्या वरच्या वर्गातलं आहे, तरी सिंगापूरचा प्रश्न राहत नाही. यादीत धरावं का?

---

इंधनपत्रक

वर्षातल्या तीन-चार सिंगापूर फेऱ्यांसाठी नेहमीच्या मुंबई फेरीला ४२,८०० पौंडांचं विमान न्यायचं, हा हिशेब मला पटत नाही. नागपूर ते मुंबई ३७० नॉटिकल मैल, दिल्ली ४६०. तुमचे बहुतेक तास इथेच जाणार. लॅटिट्यूडसारखं विमान सरासरी ताशी साडेनऊशे ते हजार लिटर जाळतं आणि लहान फेरीत सरासरी आणखी वर जाते, कारण महाग चढाई संपेपर्यंत उतरायची वेळ येते. सिंगापूरला जुलैमध्ये चेन्नईचा थांबा म्हणजे तास-सव्वा तास जास्त, तोही वर्षातून एखाद्या वेळेस. माझं मत लॅटिट्यूडला आहे. हॉकर फक्त तेव्हाच, जेव्हा गाभ्याची तपासणी नुकतीच झालेली असेल आणि कागद पूर्ण असतील.

एक अट दोन्हीला लागू. विक्रेत्याकडून माहितीपत्रकातलं रिकामं वजन नको, शेवटच्या प्रत्यक्ष वजनाचा अहवाल मागा. वापरलेल्या विमानात नंतर बसवलेलं स्वयंपाकघराचं कपाट, सॅटेलाइट फोन, जादा सोफा मिळून तीन-चारशे पौंड सहज वाढलेले असतात. वरच्या प्रत्येक हिशेबातून ते थेट वजा होतात, म्हणजे सातातली दोन माणसं.

---

बुटीबोरी_दप्तर

अहवाल मागवला आहे. त्यासोबत ४५ अंश आणि १,३५० फूट दाबउंचीला दोन्ही फ्लॅपचे चढाचे तक्ते आणि ब्रेक ऊर्जेचा तक्ताही मागतो. आकडे आले की इथेच टाकतो.